मदत हवी आहे: कॅनन आर६ मार्क २ आत्ताच घ्यावा की दसऱ्यापर्यंत थांबावं?

रंकाळा_टॉवर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लग्न-साखरपुड्याची कामं करतो, इचलकरंजी-गडहिंग्लजपर्यंत जातो. सध्या कॅननचाच जुना डीएसएलआर ५डी मार्क ४ आहे, लेन्स २४-७० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/२.८, दोन्ही ईएफ (डीएसएलआरच्या माउंटच्या). फोटोची अडचण नाही, पण हल्ली प्रत्येक पार्टीला ४के व्हिडिओ आणि रील हवी असते आणि तिथं ही बॉडी तोकडी पडते. आर६ मार्क २ (नुसती बॉडी) चं कोटेशन जीएसटीसह २,३६,००० आलंय.

जुलै संपत आला, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा बुक व्हायला लागल्यात. आत्ता घेऊ की दसरा-दिवाळीच्या ऑफरसाठी थांबू? मार्क ३ आल्यामुळे मार्क २ अजून उतरेल का? आणि १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय मिळतोय तो घ्यावा का? जीएसटी नंबर आहे, रेग्युलर स्कीम. खंडेनवमीच्या पूजेला नवा कॅमेरा असावा असा घरच्यांचा आग्रह आहे, तेही लक्षात घ्या.

कॅप_कुठाय
दादा, निर्णय बरोबर आहे. ५डी मार्क ४ चं ४के १.७४ पट क्रॉप होतं, म्हणजे २४ एमएम लेन्स ४२ सारखी वागते. कार्यालयात स्टेजसमोर मागं सरकायला जागा नसते, मग अक्षतांना अर्धी मंडळी फ्रेमबाहेर. त्यात फाईल ५०० एमबीपीएसची, ६४ जीबीचं कार्ड सतरा मिनिटांत भरतं. आर६ मार्क २ सेन्सरच्या पूर्ण रुंदीवर ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेम) देतो. तुमच्या दोन्ही लेन्स ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतील, लेन्स बदलायचा खर्च आज नाही.

किमतीचं म्हणाल तर आर६ जुलै २०२० ला आला, मार्क २ नोव्हेंबर २०२२ ला, मार्क ३ नोव्हेंबर २०२५ ला. जुन्या मॉडेलची मोठी घसरण नवं मॉडेल आलं की होते, ती होऊन गेली. पुढं उतरलाच तर हजारांत उतरेल, आणि तोवर सीलबंद माल कमी होत जाईल. शेवटी उरतात ते डिस्प्लेचे पीस.

लेखाजोखा
करांचं सांगतो, कारण मुहूर्त आणि कर इथं एकमेकांना आडवे येतात.

२,३६,००० मध्ये मूळ किंमत २,००,००० आणि जीएसटी ३६,०००. रेग्युलर असल्यानं ते ३६,००० इनपुट क्रेडिट म्हणून मिळतील, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतील. अट अशी की बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा आणि ते बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरचं क्रेडिटचं पत्रक) दिसायला हवं. दुकानदारानं रिटर्न उशिरा भरलं तर क्रेडिटही लांबतं, म्हणून पुढच्या महिन्यात १४ तारखेनंतर स्वतः तपासा. क्रेडिट घेतलं की त्या ३६,००० वर घसारा धरायचा नाही. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्यांना) हे क्रेडिट मिळत नाही, इतरांनी माझं उत्तर तसंच्या तसं लावू नका.

घसारा १५ टक्के. पण कॅमेरा आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्याच्या निम्माच. ३१ मार्चपासून उलटं मोजलं तर सीमा ३ ऑक्टोबरला येते. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सण लांबलेत, दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे दसऱ्याला घेतला तर ३०,००० ऐवजी १५,००० घसारा. तरी घाबरू नका. २० टक्के स्लॅबमध्ये हा फरक जेमतेम ३,००० रुपयांचा, तोही बुडत नाही, पुढच्या वर्षांत पसरतो. प्रिझम्प्टिव्हमध्ये (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यानं नफा धरून) रिटर्न भरत असाल तर हा मुद्दाच बाद.

रोखीनं घेऊ नका. एका दिवसात एकाला १०,००० वर रोख दिलेली रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत, आणि दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं दुकानदारालाच चालत नाही. 'कॅमेऱ्यावरचा जीएसटी उतरणार' अशी आवई अधूनमधून उठते. २८ चा १८ टक्के जानेवारी २०१९ मध्येच झालाय, सप्टेंबर २०२५ च्या बदलांतही तो १८ च राहिला. त्या आशेवर थांबू नका.

ईएमआय: 'नो-कॉस्ट' मध्ये व्याजाएवढी सूट आधी देतात आणि बँक व्याज लावतेच. ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर तुमच्या रकमेवर तो साधारण सव्वातीन हजार, वर प्रोसेसिंग फी. एकरकमी दिल्यावर दुकानदार किती सोडतो ते आधी विचारा. खरी तुलना त्या आकड्याशी.

सायीचं_दही
ऑफरपेक्षा तारखांकडे बघा. पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या किमान सहा आठवडे आधी बॉडी हातात हवी, म्हणजे सप्टेंबरअखेर. दिवाळीत घेऊन तुळशीच्या लग्नानंतर थेट मांडवात उतरलात तर गोंधळ तिथं कळेल.

गोंधळ कुठले? रॉ फाईल सीआर२ ऐवजी सीआर३ होते, जुनं लाईटरूम ती उघडत नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, पण हजार-बाराशे फाईलींना वेळ खातो. सी-लॉग (नंतर रंग द्यायचा फिका व्हिडिओ) लावलात तर व्हिडिओ १० बिट ४:२:२ एच.२६५ या जड फॉरमॅटमध्ये येतो आणि जुना पीसी टाइमलाईनवर अडकतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढचा, इनबिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर किंवा हा फॉरमॅट पेलणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बहुधा प्रॉक्सी (हलक्या कॉप्या) बनवूनच एडिट करावं लागेल. हा पीसीचा खर्च कोणी धरत नाही, मग कॅमेऱ्यावर खापर.

कार्डंही बघा. ४के ६० ला १० बिटमध्ये ३४० एमबीपीएस लागतात, म्हणजे सेकंदाला साडेबेचाळीस एमबी. व्ही३० कार्ड ३० चीच हमी देतं, रेकॉर्डिंग मधेच थांबू शकतं. व्ही६० ची चार कार्डं धरा, दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी लिहायला. मार्क ३ चा मोह झाला तर त्यात एक स्लॉट सीएफएक्सप्रेस टाइप बी आहे. ते कार्ड आणि रीडर वेगळे, आणि दोन्हीकडे लिहिलं तर वेग हळू कार्डाचाच. लग्नाच्या कामाला मार्क २ चे दोन एसडी मला जास्त सोयीचे वाटतात. तुमच्या एलपी-ई६एन बॅटऱ्या चालतील, पण पूर्ण फ्रेम रेटसाठी एलपी-ई६एनएच दोन तरी घ्या.

रंकाळा_टॉवर
धन्यवाद, बरंच डोक्यात बसलं. मग गणपतीत विसर्जन मिरवणुकीत टेस्ट करतो. ५डी विकावी का?

सायीचं_दही
मिरवणुकीत नको भावा! लेझर लाईट थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके पडतात. आर६ सारख्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसतो) सेन्सर फ्रेम बघतानाही उघडाच असतो. असं नुकसान वॉरंटीत बसत नाही. नेऊच नये असं नाही, पण लेझर दिसला की कॅमेरा खाली. टेस्टला मंडपातली आरती घ्या. एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर फोटोवर पट्टे येतात, तिथं मेकॅनिकल शटर, व्हिडिओला १/५० किंवा १/१००. तरी पट्टे राहिले तर मेनूत हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर आहे.

५डी हा सीझन संपेपर्यंत ठेवा. नवी बॉडी बंद पडली तर हातात काहीतरी हवं, आणि स्टिल्सना ती आजही मजबूत आहे.

कॅप_कुठाय
दुकानात करायची कामं, पैसे देण्याआधी. बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर खोक्यावर आणि बिलावर जुळवा. खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव आणि आयातीचा महिना छापलेला हवा. तो स्टिकर नसेल आणि भाव वीस-पंचवीस हजारांनी कमी असेल तर माल ग्रे मार्केटचा (अधिकृत आयातदाराशिवाय आलेला), भारतातली कंपनी वॉरंटी देणार नाही. मग बॉडीची टोपी लावून आयएसओ ३२०० वर फोटो काढा, १०० टक्क्यांवर रंगीत ठिपके बघा. तुमची २४-७० लावून एफ/१६ ला पांढरी भिंत काढा, सेन्सरवरचा कचरा दिसतो. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून लिहून बघा. हे सगळं दहा मिनिटांत होतं, दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा, राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत पर्याय कमी नाहीत.

ऑगस्टमध्ये घेतलात तर आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोन-तीनशेचा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. ६० च्या वर राहिली तर लेन्सला बुरशी. भिजलेल्या बॅगेत कॅमेरा रात्रभर ठेवायचा नाही.

लेखाजोखा
दुकानदाराला एक विचारून ठेवा: आज बुक केला आणि दसऱ्याच्या ऑफरमध्ये भाव उतरला तर फरक देणार का? बरेच जण लेखी देत नाहीत, पण त्याऐवजी बॅटरी किंवा कार्ड द्यायला तयार होतात. ते सामान त्याच बिलावर चढवून घ्या, म्हणजे वॉरंटीचा पुरावा राहतो. खंडेनवमीला पूजा होईलच, महिनाभर वापरलेल्या कॅमेऱ्याची.