झणझणीत सिचुआन कोळंबी घरच्या गॅसवर: सल्ला हवा

ओटाबहाद्दर
लेकीची परीक्षा शनिवारी संपतेय आणि कुंग पाओ कोळंबीची फर्माईश आहे. बाटलीतली शेजवान चटणी ओतून लालभडक केलेली नको, चीनच्या सिचुआन प्रांताच्या वळणाचीच हवी. घरात साधी शेगडी, लोखंडी कढई, अर्धा किलो मध्यम कोळंबी. पाणी सुटून ती वातड होऊ नये म्हणून काय करता? सिचुआन मिरीऐवजी (ती जीभ बधिर करणारी) तिरफळ चालेल का? आणि एकाच बाटलीवर पैसे घालायचे तर कोणत्या?

चवीपुरतं
कोळंबी फ्रोझन असेल तर आदल्या रात्री चाळणीत घालून, खाली भांडं ठेवून फ्रीजमध्ये वितळू द्या. मग पंच्यावर पसरून खरंच कोरडी टिपा. दोरा काढताना पाठीला जरा खोल चीर द्या, शिजताना उलगडते आणि सॉस धरते.

सवयीने हळद-लिंबू मात्र चोळू नका. आंबटाने ती कढईत जायच्या आधीच घट्ट होते. चिमूटभर मीठ, एका अंड्यातला निम्मा पांढरा बलक, दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोर, एवढंच लावून २० मिनिटं फ्रीजमध्ये.

दोन घाणे करा. आपला बर्नर हॉटेलच्या भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही. सगळी एकदम टाकली की कढई थंड पडते आणि परतण्याऐवजी उकडणं सुरू होतं.

रात्रपाळी
एवढा घाट? लसूण, शेजवान चटणी, पातीचा कांदा, दहा मिनिटांत ताट पुढ्यात. मुलांना तेच आवडतं हो.

चवीपुरतं
आवडतं की, मलाही. पण ते आपलं देशी चायनीज, त्यांनी मागितलंय वेगळं.

मुक्काम चेंगडू
नोकरीनिमित्त इथे सिचुआनातच असतो म्हणून लिहितो. या पदार्थाचं नाव चीनच्या छिंग राजवटीतला सिचुआनचा राज्यपाल डिंग बाओझेन याच्या पदवीवरून पडलं. मूळ पदार्थ कोंबडीचा, कोळंबीचा त्याचा भाऊबंद. तिखट असतो, पण नुसता तिखट नाही. आधी आंबटगोड लागतो, मिरची मागून येते. त्या आंबटगोडाला इथे लिचीची चव म्हणतात.

म्हणून पैसे घालायचे तर काळ्या व्हिनेगरवर, झेनजियांगचं, चिकट तांदळापासून केलेलं. मिरची आणि बाकल्याच्या दाण्यांची आंबवलेली पेस्ट कितीही मोहात पाडू दे, ती मापो टोफू या टोफूच्या तिखट पदार्थाला लागते, इथे गरज नाही.

अर्धा किलो सालासकट कोळंबीला सॉस: साखर, काळं व्हिनेगर, फिका सोया सॉस प्रत्येकी एक मोठा चमचा, गडद सोया अर्धा छोटा चमचा, कॉर्नफ्लोर एक छोटा चमचा, पाणी दोन मोठे चमचे. गॅस पेटवण्याआधी वाटीत कालवून ठेवा, नंतर चमचे मोजायला उसंत मिळत नाही.

कोळंबी मिनिटभर परतून काढा, किंचित कच्ची असतानाच. त्याच तेलात आच कमी करून सुक्या मिरच्या. कात्रीने कापून बिया झटकलेल्या, निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला. रंग गडद झाला की लगेच आलं, लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. मिरची काळी पडली तर फेका, कडू होते. मग आच मोठी, कोळंबी परत, सॉस ढवळून कडेने ओता. अर्ध्या मिनिटात चकाकी येते, तिथेच थांबा.

खाडीकाठ
तिरफळ चालेल. दोन्ही एकाच वनस्पती-वंशातली, झँथोझायलम. आतली काळी बी काढून टाकायची आणि साल तेवढी वापरायची, हेही दोघांत सारखं. पण तिरफळ आकाराने मोठं आणि वासाने दांडगं, जीभ मात्र तेवढी बधिर करत नाही. बांगड्याच्या तिखल्यात घालतो त्या हाताने घालाल तर कोळंबी लपून जाईल. पाच-सहा सालं कोरडी, मंद भाजून जाडसर कुटा, निम्मी मिरच्यांबरोबर तेलात, निम्मी उतरवताना वरून.

अवांतर: बाजारात तिसऱ्या (शिंपले) चांगल्या दिसल्या तर कोळंबीचा हट्ट सोडा.

मुक्काम चेंगडू
खाडीकाठ, +१. चीनच्या किनाऱ्यावरच्या चिंगदाओला तिसऱ्यांसारखे शिंपले असेच करतात, सुकी मिरची, आलं, लसूण, थोडा सोया, सोबत बियर. पाणी घालायचं नाही, शिंपले उघडले की त्यांचाच रस पुरतो. मीठही चाखूनच. माकूळ (स्क्विड) असेल तर आतल्या बाजूने तिरक्या चौकटीच्या चिरा देऊन उकळत्या पाण्यातून २० सेकंद काढा आणि मग परता.

ओटाबहाद्दर
झकास! व्हिनेगर नाहीच मिळालं तर? आणि शेंगदाणे भाजलेले की तळलेले?

मुक्काम चेंगडू
साधं पांढरं व्हिनेगर दोन छोटे चमचे घ्या, ते जास्त झणकतं. शेंगदाणे तळून पूर्ण गार करा आणि गॅस बंद केल्यावरच घाला, नाहीतर सॉसमध्ये मऊ पडतात.

चवीपुरतं
मिरच्या टाकायच्या आधी खिडक्या उघडा आणि लेकीला स्वयंपाकघराबाहेर काढा. ठसका जबरदस्त असतो.