तीन गावं, एक फादर: रविवारची मिस्सा एकाच इगर्जीत का?

माडाखालचा (धागाकर्ता)

विषय आमच्या कोपऱ्यातला आहे, पण कोकणात अशी गावं पुष्कळ असतील म्हणून इथे मांडतोय.

वेंगुर्ले तालुक्यात खाडीच्या अलीकडे दोन आणि पलीकडे एक, अशी आमची तीन गावं. मोठ्या गावात इगर्ज (चर्च), शाळा आणि फादरांचं घर. बाकी दोन गावांत कोपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं. तिघांत मिळून फादर एकच. आजवर मोठ्या गावात दर रविवारी मिस्सा (फादरांनी करायची मुख्य उपासना) आणि कोपेलांत आळीपाळीने, असं चालत आलंय. आता पॅरिश कौन्सिलपुढे (तिन्ही गावांच्या धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढे) प्रस्ताव आहे की पावसाळा संपला की रविवारची मिस्सा फक्त मोठ्या इगर्जीत ठेवायची आणि दोन्ही गावांतून मिनीबस सोडायची. कोपेलं उघडायची ती फेस्ताला (संताच्या सणाला), मयताला आणि मे महिन्यात.

माझा विरोध आहे. फादरांवर राग नाही. साठी उलटलेला, शुगर असलेला माणूस मोटारसायकलवरून तीन गावं करतो, ते आम्ही बघतोच. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ९०५ व्या नियमाप्रमाणे धर्मगुरूने एरवी दिवसाला एकच मिस्सा करायची. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दोनची आणि रविवारी गरज पडली तर तीनची परवानगी देऊ शकतात. म्हणजे तीन हे शेवटचं टोक झालं, ते रोजचं वेळापत्रक नव्हे.

पण फादर येऊ शकत नाहीत म्हणून कोपेलाला कुलूप कशाला? ज्या रविवारी ते नसतील त्या रविवारी आपणच जमू. वाचनं, स्तोत्र, प्रार्थना, सूचना. सेंट जोझेफ वाझ १६८७ साली गोव्याहून श्रीलंकेत पोचले तेव्हा डचांच्या अंमलाखाली तिथे कित्येक वर्षं कॅथलिक धर्मगुरू नव्हता. तरी माणसांनी घराघरांत श्रद्धा टिकवली होती. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत जाऊन त्यांना संत घोषित केलं, तेव्हा आमच्या इगर्जीत केवढी घंटा वाजली! त्या संताचं नाव घ्यायचं आणि फादर नाहीत म्हणून घरी बसायचं, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे मिस्सेनंतरची पंधरा मिनिटं. कोपेलासमोर खुरसाच्या (क्रुसाच्या) कट्ट्यावर माणसं टेकतात तेव्हा कळतं कोणाच्या विहिरीचा कठडा ढासळला, कोणाचा आखातातला पगार अडकलाय, कोण मुंबईहून आजारी होऊन परतलंय. गेल्या पावसात आमच्या एक बाय मिस्सेला दिसल्या नाहीत. त्यांची जागा ठरलेली, डावीकडे खांबाशी. सांक्रिस्तांव (कोपेलाची व्यवस्था बघणारा) सरळ त्यांच्या घरी गेला तर त्या पहाटेपासून मोरीत पडलेल्या. मोठ्या इगर्जीत दोनशे माणसांत खांबाशी कोण नाही हे कोण बघणार?

ठाण्याचा चाकरमानी

असहमत.

कोपेलाचे नळे (कौलं) गेल्या मे महिन्यात बदलले ते कोणाच्या वर्गणीतून? वासे वाळवीने खाल्लेत, विजेचं बिल वेगळं, आणि आत माणसं पंधरावीस. एवढ्यासाठी दर आठवड्याला आणखी एक फेरी? मोठ्या इगर्जीत भरल्या बाकांवर बसून मिस्सा ऐकली तर तुमच्या धर्माला काय कमी पडणार आहे?

शिवाय वर्गणी देताना आम्ही 'आपले गावकार' आणि मत देताना 'मुंबईवाले', ही गंमत किती वर्षं चालणार? आणि तुला ओळखलं मी. तू टेंबावरचा.

माडाखालचा (धागाकर्ता)

हो, तोच. तुझ्या वडिलांनी त्या कोपेलात तीसेक वर्षं लादीन (गाऊन म्हणायची प्रार्थनामाला) म्हटलंय, ते तूही विसरला नसशील.

वर्गणीचं मान्य. पण तुम्हाला हवंय ते मे महिन्यातलं गाव. रंग दिलेलं कोपेल, फेस्त, बँडबाजा, आंबे. जून ते एप्रिल त्याच गावात माणसं राहतात. छप्पर कशाला राखायचं? अकरा महिने कुलूप घालायला?

तिसरा बाक

दादा, मी तुमच्याच पॅरिशमधली, दुसऱ्या कोपेलाच्या गावातली. मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. माझ्यासारख्या बायका कौन्सिलमध्ये बोलत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या वयाचं आमच्या कोपेलात दुसरं मूल नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो एकटा आणि शिकवणारी मी. घरी मी आई, तिथेही मीच. प्रश्न विचारायचा कोणाला, मस्ती करायची कोणाशी? गेल्या वर्षी प्रथम कम्युनियनच्या तयारीला त्याला मोठ्या इगर्जीत पाठवलं. तिथे मुलांचा घोळका होता, कॉयर होतं, एक मुलगा गिटार वाजवत होता. पोरगं रविवारी स्वतःहून उठून शर्ट घालून तयार. आता आळीपाळीतला आमच्या कोपेलाचा रविवार आला की त्याचं तोंड उतरतं.

तुम्ही सगळे खांबाशी बसणाऱ्या बायविषयी बोलता. बरोबर आहे, मलाही त्यांची काळजी आहे. पण त्यांच्यानंतर त्या खांबाशी बसणार कोण? एकट्या मुलाला रिकाम्या बाकांत बसवून आपण त्याला एवढंच शिकवतोय की हे म्हाताऱ्यांचं काम आहे. बारावी झाली की तो पुण्याला नाहीतर गोव्याला जाईल. जाताना बरोबर काय नेईल?

आणि 'आपणच जमू' म्हणजे नक्की कोण जमणार? वाचनं शोधायची, फुलं आणायची, झाडायचं, दिवा लावायचा, हे आज कोण करतं ते बघा. त्याच दोन-तीन बायका. फादर नसले की त्यांचंच काम वाढणार. पुरुष खुरसाच्या कट्ट्यावर विहिरीच्या गप्पा मारणार.

रुब्रिक

धागाकर्त्याने कॅनन लॉ अर्धाच वाचलाय, म्हणून उरलेला देतो.

धर्मगुरू नसताना रविवारची उपासना कशी करावी याची मार्गदर्शिका रोमने १९८८ मध्ये काढली. तिच्यात पहिली अट हीच आहे की आधी जवळच्या चर्चमध्ये मिस्सेला जाता येतं का ते बघा. ते शक्य नसेल तरच शब्दविधी, म्हणजे फादरांशिवाय वाचनं आणि प्रार्थना. इथे मोठी इगर्ज जवळ आहे, वर बसही मिळणार आहे. मग शब्दविधीचा प्रश्न येतोच कुठे? शब्दविधी म्हणजे मिस्सा नव्हे. तिथे अर्पण होत नाही. सोय म्हणून सुरू केलेली गोष्ट सवय होते, आणि दहा वर्षांनी लोक म्हणतात, 'आमचं छान चाललंय, फादर कशाला?'

जोझेफ वाझांचा दाखलाही उलटा लागतो. डचांनी पकडलं तर काय होईल ते माहीत असून त्यांनी समुद्र ओलांडला. कशासाठी? त्या लोकांना मिस्सा आणि संस्कार मिळावेत म्हणून! नुसत्या प्रार्थनेवर भागलं असतं तर ते गोव्यात साकवाळलाच राहिले असते.

माडाखालचा (धागाकर्ता)

रुब्रिक, मुद्दा बिनतोड आहे, मानलं. फक्त 'जवळच्या' म्हणजे कोणाला जवळ? तुमच्या मोटारसायकलला जवळ आहे. पलीकडच्या गावाला रस्त्याने पूल गाठून वळसा घालून यावं लागतं, आणि पावसात होडी बंद. 'शक्य असेल तर' हे ऐंशीच्या माणसाच्या गुडघ्यांना विचारा.

त्याच कॅनन लॉत शनिवार संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचं कर्तव्य पुरं होतं असंही आहे. शनिवारी संध्याकाळी एक कोपेल, रविवारी सकाळी दुसरं आणि मग मोठी इगर्ज. रविवारी दोनच मिस्सा होतात, तीन नाहीत. यावर कौन्सिलमध्ये कोणी का बोलत नाही?

तिसरा बाक ताई, तुमच्या मुलाचं वाचून गप्प झालो. पण धर्मशिक्षण एकत्र करा ना! त्यासाठी मिस्सा हलवायची गरज काय?

आजयेचो नातू

आजयेक धागो वाचून दाखवलंय. ती काय म्हणता ता तसाच टायपतंय.

"माका कसली बस सांगतत? बस येतली सडयेर. माज्या घराकडसून सडयेर जावक चढण असा, ती कोण चढतलो? बशीचो डायवर माका उखलून न्हेतलो? कोपेल माज्या दारात असा. माजा लगीन थय झाला, घोव थय पुरलो, माका पण थयच पुरूचा असा. फादर इले तर बरा, नाय इले तर आमी तेर्स (रोझरी) म्हणतलो. तेर्स म्हणूक परवानगी लागता काय रे? आनी त्या बायक सांग, तुज्या झिलाक माज्या बाजूक बसव. मिया तेका लादीन शिकवतंय. गिटार नंतर शिकांदे."

आजयेचा झाला. माजा मत विचारशात तर बस होयी, पण दारापर्यंत होयी.

वसईचा कुपारी

जय येसू मंडळी. आमच्याकडचं चित्र उलटं आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तुमचा सिंधुदुर्ग २००५ मध्ये पुण्यापासून. आमच्याकडे चर्चं जवळजवळ आणि रविवारी भरलेली. म्हणून सांगतो, भरलेल्या चर्चला भुलू नका. हजार माणसांत शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते माहीत नसतं. शेवटी वाडीवाडीचे छोटे समूह करून घरोघरी जमावं लागलं. म्हणजे तुमच्याकडे खुरसाच्या कट्ट्यावर फुकट मिळतं ते आम्ही बैठका घेऊन उभं करतोय.

एक सूचना. मिस्सा कुठेही होवो, तिन्ही गावांचं महिन्याला एक वार्तापत्र काढा. मोठा अंक नको, दुमडलेला एक कागद पुरे. आणि त्यात बिशपांचं पत्र पहिल्या पानावर घालू नका, कोणी वाचत नाही. लोक आधी बघतात कोण वारलं, कोणाच्या लग्नाच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या, कोणाचा बाप्तिस्मा झाला, मग वर्गणीत कोणाचं नाव राहिलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की ते शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जातं. कागद फ्रिजवर चिकटतो.

ठाण्याचा चाकरमानी

वार्तापत्राला अनुमोदन. पीडीएफ आम्हालाही पाठवा. पण भाषा कुठली? मराठी काढलं तर कोकणीवाले रुसणार, कोकणी काढलं तर आमच्या मुलांना वाचता येणार नाही.

वसईचा कुपारी

मयताची बातमी कुठल्याही भाषेत वाचतात हो.

सात वाजताची घंटा

मी सी.एन.आय.चा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे तुमच्या भाषेत प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत पाळक महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार वडीलमंडळी भक्ती चालवतात, संदेशही तेच देतात. आम्हाला ते कमीपणाचं वाटत नाही. मात्र तिसरा बाक ताईंचा इशारा हलक्यावर घेऊ नका. आमच्याकडे 'सगळे मिळून' म्हणता म्हणता एका घराण्याच्या हातात किल्ली गेली. तेच वाचणार, तेच दान मोजणार, आणि कोणाशी भांडण झालं की अर्धी मंडळी बाहेर. बाहेरून येणारा पाळक असला की निदान त्याच्यासमोर सगळे एका सतरंजीवर बसतात. तुम्ही सुरू केलंत तर पाळी लावा, आणि किल्ली एका घरात ठेवू नका.

देवचाराचो शेजारी

मी हिंदू, याच तीन गावांपैकी एकातला. तुमच्या भांडणात बोलावं की नाही, पण कोपेलाचा विषय निघालाच आहे म्हणून बोलतो. फेस्ताला आमचं खाजं-लाडवाचं दुकान लागतं. आमच्या आईने सायबिणीला (मारियामातेला) मेणबत्तीचा नवस केलेला, तो आम्ही अजून फेडतो. कोपेल बंद पडलं की पुढच्या वर्षी त्या मैदानात कोणाचं तरी कुंपण येतं, हे आमच्या बाजूच्या एका पडक्या देवळाच्या जागेवरून सांगतोय. दर आठवड्याला दार उघडतं ती जागा कोणी गिळत नाही. सातबारा एकदा तपासून ठेवा, बस.

रुब्रिक

सातबाऱ्याचा मुद्दा महत्त्वाचा. तो पॅरिशच्या वित्त समितीचा विषय आहे, आणि ती समिती कॅनन लॉप्रमाणे बंधनकारक आहे. पॅरिश कौन्सिलचं मत मात्र फक्त सल्ल्यापुरतं असतं, हेही लक्षात असू द्या. निर्णय फादर आणि बिशप घेणार. इथे शंभर प्रतिसाद झाले तरी.

तिसरा बाक

माहीत आहे. म्हणूनच सल्ला तरी नीट द्यावा म्हणते.

आजींना सांगा, मुलाला येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसवते. लादीन शिकला तर मलाच आनंद होईल. पण धर्मशिक्षण तिन्ही गावांचं एकत्र आणि मोठ्या इगर्जीतच हवं, यावर मी मागे हटणार नाही. शनिवारी दुपारी ठेवा. माडाखालचा दादा म्हणतात तशी शनिवारची मिस्सा एका कोपेलात झाली तर फादर येताना मुलांनाही बरोबर आणता येईल, मात्र मोटारसायकलवर नाही.

ठाण्याचा चाकरमानी

शनिवारी दुपारी पोरांचं क्रिकेट असतं. एकही यायचा नाही.

तिसरा बाक

ते मी बघते. तुम्ही मिनीबसच्या वर्गणीचं बघा.

माडाखालचा (धागाकर्ता)

तोच तर घोळ आहे. कौन्सिलच्या कागदावर मिनीबस लिहिलीय, पण भाडं कोण देणार आणि पावसात ती पलीकडच्या गावात उतरणार कुठपर्यंत, याबद्दल एक ओळ नाही. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी देतो: शनिवारच्या मिस्सेचं वेळापत्रक आणि बसचा खर्च. ताई, मुलांच्या वर्गाचं तुम्ही लिहून द्या, तुमच्या नावाने वाचतो. नाहीतर तुम्हीच या आणि वाचा, ते जास्त बरं.