मृगातील नवजात तारे: अवरक्त असताना क्ष-किरण कशासाठी?

प्रश्न
धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवरून मृगाचा तेजोमेघ, म्हणजे तारे जन्मतात तो वायू-धुळीचा ढग, दिव्यांच्या उजेडात हरवतो, म्हणून जानेवारीत आम्ही रामटेकच्या बाजूला गेलो होतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली द्विनेत्रीतून राखाडी धुराचा पुंजका आणि त्याच्या मध्यावर टिपलेले बारीक तारे दिसले. तिथल्या नवजात ताऱ्यांचा अभ्यास अवरक्त (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) आणि क्ष-किरण अशा दोन्ही प्रकाशांत करतात, असे वाचले. अवरक्त धुळीतून पार जात असेल, तर क्ष-किरणांचा वेगळा खटाटोप कशासाठी?

उत्तर 1
जास्त ऊर्जेचे क्ष-किरणही धुळीतून पार येतात, पण खरा मुद्दा दोघांना काय दिसते हा आहे. कोवळ्या ताऱ्याभोवती धूळ आणि वायूची तबकडी असते. तिच्यातील तापलेल्या धुळीमुळे त्या ताऱ्याचा अवरक्त प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त भरतो आणि त्यावरून तो ओळखू येतो. ही तबकडी मात्र बहुतेक ताऱ्यांभोवती काही दशलक्ष वर्षांतच विरते, आणि मग तोच तारा अवरक्तात मागच्यापुढच्या वयस्क ताऱ्यांत मिसळून जातो. क्ष-किरणांत तो लपत नाही, कारण तीव्र चुंबकीय खळबळीमुळे असे तारे आपल्या सूर्याच्या हजारो पट क्ष-किरण बाहेर टाकतात.

उत्तर 2
वरच्या उत्तरात भर घालतो. जानेवारी 2003 मध्ये नासाच्या ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने याच तेजोमेघाकडे सुमारे 13 दिवसांच्या अवधीत जवळजवळ 10 दिवस टक लावून पाहिले, तेव्हा 1600 हून अधिक क्ष-किरण स्रोत सापडले आणि त्यांतले बहुसंख्य तरुण तारे निघाले. दूरच्या आकाशगंगांची केंद्रेही क्ष-किरणांत चमकतात, म्हणून एकेक ठिपका अवरक्त चित्राशी ताडून पाहावाच लागतो. हे काम किचकट आहे, पण मला तरी सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता
म्हणजे किती ताऱ्यांची तबकडी अजून शिल्लक आहे, हे नुसत्या अवरक्तावरून काढले तर प्रमाण फुगलेले येईल?

उत्तर 1
अगदी बरोबर. फक्त अंगणवाडीत जाऊन गावातली मुले मोजली, तर शाळेत जाऊ लागलेली सगळी सुटतात, तसेच ते आहे. ग्रह घडायला किती काळ मिळतो याचा अंदाज याच प्रमाणावर बेतलेला असल्यामुळे, तबकडी गमावलेले तारे मोजणीत यायलाच हवेत. क्ष-किरण आपल्या वातावरणात शोषले जातात, म्हणून त्यांच्यासाठी दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.