संगणक रखडतो, म्हणून डिस्कचं कुलूप काढायचं का?

रामबाग, इंदूर
हिशेबतपासणीचं काम करतो. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स, डिस्क लक्सने (लिनक्समधलं डिस्कचं कुलूप) एन्क्रिप्ट केलेली. आतली दुसरी, जुनी हार्डडिस्क गेल्या महिन्यात काढली, तेव्हापासून पासफ्रेज, म्हणजे कुलपाचा लांब पासवर्ड, दिल्यावरही दीड मिनिट नुसतं बघत बसावं लागतं. जेल रोडवरचा दुरुस्तीवाला म्हणाला, एन्क्रिप्शनमुळेच होतंय, ते काढून सगळं नव्याने टाका. मला पटत नाही. गिऱ्हाइकांचे पॅन, बँकेचे उतारे बॅगेत घेऊन मी गावभर फिरतो.

लष्कर, ग्वाल्हेर
काढाच. वेळेचं सोडा. माझे वडील गेले, पासफ्रेज त्यांच्याबरोबर गेला. चोर कधी आलाच नाही, 11 वर्षांच्या फोटोंना मुकलो ते आम्ही घरचेच.

दांडिया बाजार, बडोदा
ग्वाल्हेरकर, तुमचं दुःख खरं, पण इथलं दुखणं वेगळं आहे. दीड मिनिट म्हणजे 90 सेकंद. संगणक सुरू होताना सगळं चालू करणारं सिस्टमडी न सापडणाऱ्या डिस्कची मुळात तेवढीच वाट पाहतं. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत, लक्स2 मध्ये, पासफ्रेज तपासायला साधारण 2 सेकंद लागतात, तेही मुद्दाम, चोराला प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून. (डिस्कवरचा बूटचा, म्हणजे संगणक सुरू करणारा, भागही एन्क्रिप्ट असेल तर लिनक्सला सुरू करून देणारा प्रोग्राम ग्रब जास्त रेंगाळतो, पण ते पासफ्रेज दिल्यावर लगेच, पुढे नाही.) कशाला किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम'वर विसंबू नका, कधी न सापडलेली डिस्क त्या यादीत येत नाही. 'जर्नलसीटीएल -बी' चालवा, त्यात या वेळी संगणक सुरू झाल्यापासूनच्या नोंदी दिसतील, 'टाइम्ड आउट' शोधा, मग क्रिप्टटॅब (सुरुवातीला उघडायच्या एन्क्रिप्टेड डिस्कांची यादी) उघडा.

रामबाग, इंदूर
सापडलं! काढलेल्या डिस्कवरच्या स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) ओळ क्रिप्टटॅबमध्ये तशीच होती, जोडायच्या डिस्कांच्या यादीत, एफएसटॅबमध्येही. त्या ओळी वाचल्या जाऊ नयेत म्हणून दोन्हींपुढे # टाकला, सुरुवातीच्या फायली नव्याने बनवायला 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' केलं. आता 20 सेकंदांत लॉगिन.

लष्कर, ग्वाल्हेर
बरं झालं. पण घरातून न हलणाऱ्या संगणकाला हे कुलूप नकोच, यावर मी ठाम आहे.

दांडिया बाजार, बडोदा
तिथेही हवं. डिस्क बिघडली की वॉरंटीत परत देता ना? बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, आतलं सगळं परक्याच्या हाती जातं.

लष्कर, ग्वाल्हेर
हा मुद्दा मान्य. मग निदान घरच्यांसाठी दुसरा पासफ्रेज घाला, कागदावर लिहून कपाटात ठेवा. आमच्याकडे तेवढं कुणी केलं असतं तर.

दांडिया बाजार, बडोदा
'क्रिप्टसेटअप लक्सअ‍ॅडकी'ने होतं. हेडरची (डिस्कवरचा कुलपाची माहिती असलेला भाग) प्रतही पेनड्राइव्हवर घ्या, डिस्कवरचा हेडर बिघडला तर बरोबर पासफ्रेजही चालत नाही.

रामबाग, इंदूर
आज संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून दोन्ही करतो.