मदत हवी आहे: मी खरा रेकॉर्डवाला की नुसता हौशी हिपस्टर?

मंडळी, सहा महिन्यांपूर्वी गाण्यांच्या रेकॉर्ड (तबकड्या) जमवायला लागलो आणि मित्र म्हणतो तू फक्त फोटोसाठी घेतोस, खरे कलेक्टर वेगळे असतात. आता खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन कव्हर बघूनच घेतल्या होत्या आणि एक तर अजून सीलबंद आहे 😅 पण नंतर नाद लागला, आता लेबलजवळच्या मोकळ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर बघून प्रेसिंग (म्हणजे ती प्रत कोणत्या छपाईतली) ओळखायला शिकतोय, रेकॉर्ड आडव्या न रचता उभ्या ठेवतो.

खरा प्रश्न पुढे आहे. माझा प्लेअर सुटकेसवाला आहे, सिरॅमिक कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग). त्याची सुई ५ ग्रॅमच्या आसपास दाब देते, चांगल्या टर्नटेबलवर तो २ ग्रॅमच्या आत असतो म्हणे. याने जुने एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) खरंच लवकर झिजतात का? आणि एकांनी ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या रेकॉर्ड देऊ केल्यात, त्यांची खाच १९४८ नंतरच्या एलपीपेक्षा बरीच रुंद असते, मग सुई वेगळी लागेलच ना? की आधी प्लेअरच बदलू?

आणि हो, डिजिटल मास्टरवरून (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल प्रतीवरून) काढलेली नवी प्रेसिंग घेतली की लगेच हिपस्टर ठरतो का माणूस? अनुभवी लोकांनी सांगा, शिव्या चालतील.