खालच्या हॉटेलचा धूर

मोघे काकू (ए-२०२): रानडे साहेब, आज पुन्हा तेच. दुपारी साडेतीनला खाली लसणाची फोडणी पडली आणि माझ्या बेडरूममध्ये ठसका. दोरीवरच्या ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा फोटो टाकलाय. ते हळदीचे डाग नाहीत, तेल आहे. बोटाला चिकटतं. आणि म्हणे अजून उद्घाटन व्हायचंय!

पटवर्धन काका (ए-३०१): मी दिवाळीच्या आधीपासून धुराच्या पाइपाचं, म्हणजे डक्टचं, विचारतोय. डक्टचं तोंड कुठे काढलंय? उत्तर नाही.

सोहम (बी-४०३): काकू, उद्घाटन शनिवारी. आत्ता ट्रायल चालू आहे, स्टाफला तयार करतायत. शेफ मुंबईहून आलेत 😋

कुलकर्णी काका (बी-१०१): बॅनरवर ‘मिशेलिन स्टार शेफ’ लिहिलंय. आपल्या इंदूरच्या सुदामा नगरात मिशेलिन! अभिमानाची गोष्ट आहे 🙏🙏

सोहम (बी-४०३): काका, मिशेलिन ही रेस्टॉरंटना स्टार देणारी फ्रेंच गाइड. स्टार रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही. आणि ती गाइड भारतात निघतच नाही. हे स्टारवाल्या एखाद्या किचनमध्ये काम करून आले असतील.

कुलकर्णी काका (बी-१०१): मग ती शेफ गरिमा अरोरा? पेपरात फोटो होता.

सोहम (बी-४०३): तिचं ‘गा’ बँकॉकला आहे, म्हणून २०१८ मध्ये स्टार मिळाला. हिमांशु सैनीचं ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ दुबईला. २०२५ मध्ये तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाला पहिल्यांदाच. सगळं बाहेरच.

मोघे काकू (ए-२०२): त्यांच्या चिमण्या कुणाच्या बाल्कनीत उघडत नसतील.

इनामदार वहिनी (बी-२०२): मेनू कार्ड वाचलं का कुणी? भुट्ट्याचा कीस ४८० रुपये. खाली बारीक अक्षरात ‘मक्याचा फेस, हिंगाचं तेल, जिरावन मसाल्याची माती’. ४८० रुपये देऊन माती खायची!

कुलकर्णी काका (बी-१०१): 😂😂😂

इनामदार वहिनी (बी-२०२): हसू नका. मका किसा, मोहरी-मिरचीच्या फोडणीवर तुपात परता, दूध घालून आटवा. ह्यात फेस कुठून आला? सराफ्यात सोनारांची दुकानं बंद झाली की ओट्यावर उभं राहून द्रोणातून खातो आपण, वर लिंबू पिळून. आमचे विष्णू मनोहर नागपूरला २०१७ मध्ये सलग पन्नास तासांच्या वर स्वयंपाक करत उभे होते. त्यांनी कशाची माती केली नाही.

सोहम (बी-४०३): वहिनी, स्थानिक पदार्थ नव्या पद्धतीने मांडणं सगळीकडे चालू आहे. प्रतीक साधूंनी मुंबईचं ‘मास्क’ सोडलं आणि २०२३ मध्ये कसौलीकडे डोंगरात ‘नार’ काढलं. पहाडी जेवण. लोक तेवढ्यासाठी लांबून जातात. आपल्या गराडूला, साध्या तळलेल्या कंदाला, कुणी असं ताट दिलं तर वाईट काय?

पटवर्धन काका (ए-३०१): वरचा मेसेज पुन्हा टाकतो. डक्टचं तोंड कुठे काढलंय?

रानडे (सेक्रेटरी): सर्व सदस्यांना नमस्कार. हा ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे, कृपया विषयांतर नको. गाळा कमर्शियल आहे. फूड लायसन्स काउंटरजवळ लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

इनामदार वहिनी (बी-२०२): कधी पाहिलंत? रविवारी सहकुटुंब गेला होतात तेव्हा? वहिनींचं स्टेटस बघितलं. फोटो सुंदर आलेत.

रानडे (सेक्रेटरी): हा मेसेज डिलीट केला गेला.

रानडे (सेक्रेटरी): ते निमंत्रण पदाधिकाऱ्यांना होतं. कमिटीच्या नात्याने पाहणी करणं कर्तव्य आहे.

कुलकर्णी काका (बी-१०१): आम्हीही २०१९ पर्यंत पदाधिकारी होतो. तेव्हा पाहणीला फक्त पाण्याची टाकी मिळायची. असो.

इनामदार वहिनी (बी-२०२): माझ्या पुरणपोळ्या न्यायला येणाऱ्यांची गेटवर नाव-नंबर लिहून तपासणी, आणि हॉटेलवाल्यांची गिऱ्हाइकं सरळ आपल्या पार्किंगमध्ये. काल तर माझ्या स्कूटीला अशी खेटून गाडी लावली की मी रिक्षाने गेले.

मोघे काकू (ए-२०२): आणि कचरा? रात्री त्यांची पिशवी आपल्या डब्यात, ओला-सुका एकत्र. सकाळी निगमची गाडी आली तर बोलणी आम्हाला. २०१७ पासून पहिला नंबर घेणारं शहर आहे हे. निगमच्या ३११ ॲपवर फोटो टाकू का?

रानडे (सेक्रेटरी): काकू, घाई नको. घरातला विषय घरात राहू द्या.

डॉ. बापट (ए-५०१): मी काल गेलो होतो, पैसे देऊन. जेवण चांगलं आहे. गराडू बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. फक्त बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज परस्पर जोडला होता. २०२२ च्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचनेनुसार असा जोडता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं. मॅनेजरला म्हटलं, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावू का? काढला मुकाट्याने.

कुलकर्णी काका (बी-१०१): वा डॉक्टर! टीप किती दिलीत? 😄

डॉ. बापट (ए-५०१): तो माझा प्रश्न आहे.

पटवर्धन काका (ए-३०१): आता मी तिसऱ्यांदा विचारत नाही, सांगतो. आज खाली जाऊन बघून आलो. भट्टीवरच्या हूडमध्ये तिरक्या पट्ट्यांचे फिल्टर असतात, त्यात तेल अडकतं, ते रोज धुवायचे असतात. ह्यांचे इतके काळे की पट्ट्या दिसत नाहीत, कडेने थेंब लोंबतायत. तेच तेल पुढे डक्टमध्ये साचतं. कढईतली ज्वाळा एकदा वर ओढली गेली की डक्ट आतल्या आत पेटतो. म्हणून तो गच्चीच्या वर न्यायचा असतो. ह्यांनी पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली कोपर देऊन सोडून दिलाय, बरोबर मोघ्यांच्या खिडकीखाली. वासाचं सोडा, आगीचं बोलतोय मी.

सोहम (बी-४०३): हे मात्र काकांचं बरोबर आहे. माझ्या हॉटेल मॅनेजमेंटला पहिल्या वर्षी हेच शिकवतात.

मोघे काकू (ए-२०२): म्हणजे माझ्या खिडकीखाली आग लागेपर्यंत तुम्ही लोक मिशेलिनवर बोलत होतात.

जोशी (बी-५०२, गाळेमालक): दिवसभर बाहेर होतो, आत्ता वाचलं. कोचिंग क्लास होता तेव्हा सायकलींवरून तमाशा, आता धुरावरून. गाळा रिकामा ठेवला तर मेंटेनन्स कोण भरणार? तरी भाडेकरूंशी बोललो. डक्ट गच्चीपर्यंत न्यायला ते तयार आहेत, खर्च त्यांचा. ए विंगच्या शाफ्टमधून जाईल. सोसायटीने एनओसी द्यावी.

रानडे (सेक्रेटरी): उत्तम तोडगा. जोशी साहेबांचे आभार 🙏 विषय संपला असे समजतो.

डॉ. बापट (ए-५०१): एक मिनिट. ए विंगचा शाफ्ट म्हणजे पंखा माझ्या डोक्यावर. रात्री बारापर्यंत घरघर. माझी हरकत नोंदवून घ्या.

मोघे काकू (ए-२०२): डॉक्टर, गराडू चांगला होता म्हणालात ना?

जोशी (बी-५०२, गाळेमालक): रविवारी ११ वाजता खालीच बसू सगळे. चहा-पोहे माझ्याकडून.

इनामदार वहिनी (बी-२०२): पोह्यांवर माती नको.

पटवर्धन काका (ए-३०१): खाली नाही. मीटिंग गच्चीवर. पंखा कुठे बसणार ते खडूने आखू. आणि रविवारपर्यंत फिल्टर धुतले नाहीत तर तोपर्यंत भट्टी बंद, हे आज लेखी द्या.

रानडे (सेक्रेटरी): लेखी कुणी द्यायचं?

पटवर्धन काका (ए-३०१): पाहणी तुम्हीच केली होतीत.