'जिसुल'मधली गावकरी माणसं

ओ म्युल यांच्या 'जिसुल' या कोरियन सिनेमात पार्श्वभूमी फारच त्रोटक आहे, कोण कुणाला का मारतंय ते नीट कळत नाही, हा आक्षेप मला पटला नाही. गुहेत लपलेल्या त्या गावकऱ्यांना तरी ते कुठे कळत होतं?

३ एप्रिल १९४८ ला दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर डाव्या बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. ऑक्टोबरमध्ये लष्कराचं फर्मान निघालं: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे, डोंगराकडे जो सापडेल तो शत्रू. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारा शेतकरी एका कागदाने बंडखोर ठरला. अंदाजे २५ ते ३० हजार माणसं गेली, बेटाच्या लोकसंख्येच्या सुमारे दहा टक्के!

सिनेमात हीच माणसं गुहेत दाटीवाटीने बसलीत आणि एकाला घोर लागलाय तो घरी उपाशी राहिलेल्या डुकराचा. लोकांना हे प्रसंग रेंगाळलेले वाटतात. मला तोच सिनेमाचा जीव वाटतो. दोन-चार दिवसांत परत जाऊ, या भरवशावर माणसं घर सोडतात. आणि गोळी घालायला नकार देणाऱ्या तरुण शिपायाला थंडीत उघडं उभं करतात, तेही दिग्दर्शक विसरत नाही.

पुढे कित्येक दशकं दक्षिण कोरियात यावर बोलणंही धोक्याचं होतं. राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती थेट २००३ मध्ये. दिग्दर्शक स्वतः जेजूचा आहे, पात्रंही तिथलीच बोली बोलतात. घाई न करता, एका बैठकीत पाहा.